उपाशी जंगल, माजलेलं जंगल : मध्य युरोपातली रोपटी, नत्र आणि दुष्काळ

इतिहासाच्या व्याख्यानमालेत जंगलातल्या रोपट्यांचं काय काम, असं तुमच्यापैकी काही जणांच्या मनात आलं असेल आणि ते साहजिक आहे. राजे, लढाया, तह, फार तर शेतसारा, इथपर्यंत आपला इतिहास जातो. पण जंगलालाही इतिहास असतो आणि तो कोणी किती झाडं तोडली एवढ्यावर संपत नाही. जंगलाच्या मातीतून काय काढून नेलं, तिच्यावर बाहेरून काय येऊन पडलं, याचा एक जमाखर्च शंभर-दोनशे वर्षं चालू असतो. त्याची वसुली शेवटी नव्याने उगवणाऱ्या झाडांकडून होते. आज आपण असाच एक जमाखर्च मांडून बघणार आहोत. प्रदेश आहे मध्य युरोप. मुख्यतः जर्मनी आणि शेजारचे नेदरलँड्स, स्वित्झर्लंड. आणि ज्याचा हिशेब मांडायचा ती वस्तू आहे नायट्रोजन, म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या भाषेत नत्र.

सुरुवात अलीकडच्या घटनेपासून करू. २०१८, २०१९ आणि २०२० ही तीन वर्षं मध्य युरोपात लागोपाठ कोरडी गेली. पावसाने ओढ दिली, उन्हाळे कडक झाले. जर्मनीच्या अंतराळ संस्थेने उपग्रहाच्या चित्रांवरून हिशेब काढला, तेव्हा दिसलं की जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ एवढ्या काळात देशातलं सुमारे ५ लाख हेक्टर क्षेत्रावरचं जंगल गेलं. म्हणजे एकूण जंगलाच्या जवळपास ५ टक्के. हार्त्सच्या डोंगरात स्प्रूसचे उतारच्या उतार करडे पडले. तहानलेल्या स्प्रूसच्या सालीखाली भुंगेरे शिरले आणि उरलंसुरलं काम त्यांनी केलं. बीच हे तिथलं मूळचं, भरवशाचं झाड. त्याचेही शेंडे कित्येक ठिकाणी वाळले.

आता या सगळ्या जागेवर पुन्हा जंगल उभं करायचं आहे. काही ठिकाणी रोपं लावून, काही ठिकाणी आपोआप उगवू देऊन. ही जी गुडघ्याएवढी, कमरेएवढी रोपटी आहेत, त्यांच्यावर दोन गोष्टी एकाच वेळी येतात. एक, पाण्याचा ताण. दुसरी, हवेतून आणि पावसातून सतत पडणारं नत्र. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसते. दुसरी दिसत नाही. उलट नत्र म्हणजे खत, मग रोपट्याला ते मिळालं तर बरंच की, असं वाटतं. या ‘बरंच की’ची गोष्ट फार लांबची आहे.

त्याआधी एक साधी आठवण करून देतो, कारण पुढे ती कामाला येईल. युरियाचा हात सैल सुटला की पिकाचं काय होतं, हे शेतीशी संबंध असलेल्या कोणालाही विचारा. पीक काळंभोर हिरवं होतं, तरारतं, बघणाऱ्याला वाटतं काय जोमदार आहे! शेतकरी मात्र म्हणतो, पीक माजलंय. मग त्यावर मावा येतो, जरा वारा आला की ते लोळतं, आणि पाण्याची एक पाळी चुकली की आधी तेच मान टाकतं. हे ‘माजणं’ शब्दशः तसंच्या तसं जंगलाला लावता येणार नाही. पण वाढ आणि आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही जाण त्या शब्दात आहे. युरोपच्या वनशास्त्राला ती जाण यायला बराच काळ लागला. तो का लागला, हा आजचा मुख्य प्रश्न.

चला, दोनशे वर्षं मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्या शतकात मध्य युरोपातल्या शेतीत एक बदल झाला. जनावरं रानात चरायला सोडण्याऐवजी वर्षभर गोठ्यात बांधायची पद्धत वाढली. गोठ्यात बांधलं की शेण जमा होतं, शेतीला खत मिळतं. पण जनावरांखाली अंथरायला काहीतरी लागतं. धान्याचा पेंढा अंथरावा, तर तो खायला घालायला लागायचा. मग शेतकरी दाताळी घेऊन जंगलात जायचा आणि पातेरा ओढून आणायचा. बीचची पानं, पाइनच्या सुया, शेवाळ, जमिनीलगतची झुडपं, सगळं. गोठ्यात अंथरून, शेणामुतात भिजवून ते शेतात जायचं. जर्मन भाषेत या पद्धतीला श्ट्रॉयनुत्सुंग म्हणतात. पातेऱ्याचा वापर, एवढाच त्याचा अर्थ.

ऐकायला निरुपद्रवी वाटतं. लाकूड तर तोडत नव्हते ना? पण इथेच गंमत आहे. झाडाचं खोड बहुतांशी कार्बनाचं बनलेलं असतं, आणि कार्बन हवेतून फुकट मिळतो. नत्र, स्फुरद, चुना ही खरी पुंजी असते पानांत आणि बारीक फांद्यांत. झाड दरवर्षी ती खाली टाकतं आणि कुजल्यावर मुळांवाटे परत घेतं. पातेरा दर एक-दोन वर्षांनी ओढून नेणं म्हणजे हे भांडवलच उचलून नेणं. १८७६ साली एर्न्स्ट एबरमायर या बवेरियातल्या शास्त्रज्ञाने पातेऱ्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात जंगलातला पातेरा मोजून, जाळून, त्याची राख तपासून हा हिशेब मांडला. न्यूर्नबर्गच्या भोवती राइशवाल्ड नावाचं जुनं जंगल आहे. तिथले पाइन इतके खुरटले, की लोक त्याला ‘काटक्यांचं जंगल’ म्हणायला लागले.

म्हणजे त्या काळातलं जंगल उपाशी होतं, आणि विशेषतः नत्रासाठी उपाशी होतं. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने दोषी कोण? पातेरा नेणारा गरीब शेतकरी. जंगलात पडलेलं वेचणं हा गावकऱ्याचा जुना हक्क होता. तो हळूहळू गुन्हा ठरत गेला. ऱ्हाइन प्रांतात लाकूडचोरीच्या कायद्यावर वाद झाला, त्यावर १८४२ साली एका तरुण पत्रकाराने लेखमाला लिहिली. त्याचं नाव कार्ल मार्क्स.

इथे आपल्याकडचा एक धागा येऊन मिळतो. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक डीट्रिश ब्रँडिस. १८६४ साली ते त्या पदावर आले. ते मूळचे बॉनचे, आणि त्यांच्यानंतर त्या जागेवर आलेले श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. या मंडळींबरोबर जर्मन वनशास्त्राची नजरही इकडे आली. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. फांद्या, पाला, गवत, शेण पसरून जाळायचं आणि त्या जमिनीत दाढ टाकायची. जंगलातला पाला शेतात आणायचा हीच ती मूळ कल्पना. तिकडे गोठ्यातून, इकडे विस्तवातून. ठाणे-कुलाब्यात राबावरून शेतकरी आणि वनखातं यांच्यात एवढं जुंपलं की मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. या सगळ्याचं तात्पर्य एवढंच, की एकोणिसाव्या शतकात घडलेल्या वनशास्त्राच्या मनात एक गोष्ट पक्की बसली : जंगलाला नत्र कमी पडतं, कधीच जास्त होत नाही.

त्याच सुमारास रसायनशास्त्रात दुसरा एक वाद रंगला होता. युस्टुस लीबिग म्हणत होते, की हवेतला अमोनिया पावसाबरोबर खाली येतो, पिकांना तेवढं नत्र पुरतं. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला लॉज आणि गिल्बर्ट या जोडीने १८५० च्या दशकात पावसाचं पाणी गोळा करून त्यातलं नत्र मोजायला सुरुवात केली. त्यांचं उत्तर आलं : छे, एवढ्याशा नत्रावर गहू येणार नाही, खत घालायलाच हवं. त्या काळापुरतं लॉज आणि गिल्बर्ट बरोबर होते. याच जोडीने १८५६ साली रॉथमस्टेडच्या एका गवताळ कुरणावर प्रयोग लावला. तो आजही चालू आहे. त्यात नत्राचं खत घातलेल्या तुकड्यांवर गवत भरघोस आलं, पण वनस्पतींच्या जाती कमी कमी होत गेल्या. पुढे काय होणार याची खूण तिथे दिसत होती. पण ते कुरण होतं. जंगलाशी त्याचा संबंध कोणी जोडला नाही.

मग १९०९ साल उजाडलं. फ्रित्स हाबर यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनवून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्याचं कारखान्यात रूपांतर केलं आणि १९१३ साली ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचं अन्न या एका प्रक्रियेवर उभं आहे असा अंदाज सांगितला जातो. म्हणजे हाबर-बॉश यांना खलनायक ठरवून आपल्याला मोकळं होता येत नाही. शेतात खत आलं, तसा जंगलातल्या पातेऱ्यावरचा भार उतरला. काही भागांत दुसऱ्या महायुद्धानंतरही पातेरा ओढणं चालू होतं, पण पुढे ते संपलं. उपाशी जंगलाला पहिल्यांदा उसंत मिळाली.

पण शेतात घातलेलं सगळं नत्र पिकात जात नाही. काही वाहून जातं, काही उडून जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर डुकरं, कोंबड्या, गाई यांचे मोठाले गोठे उभे राहिले. त्यांना आयात केलेलं खाद्य घातलं जायचं. त्यांच्या मलमूत्रातून अमोनिया हवेत जाऊ लागला. दुसरीकडे मोटारी आणि वीजकेंद्रं यांच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडं निघू लागली. हे सगळं कुठेतरी खाली बसणारच. आणि जंगल हे त्यासाठी फार चांगलं जाळं आहे. मोकळ्या माळावर पडतं त्यापेक्षा कितीतरी जास्त झाडांच्या शेंड्यांवर अडकतं आणि पावसाने धुऊन खाली येतं. जिथून दोनशे वर्षं पातेऱ्यातून नत्र बाहेर गेलं, तिथे ते दोन-तीन पिढ्यांत आकाशातून परत यायला लागलं. कोणी मागितलं नव्हतं आणि कोणी मोजतही नव्हतं.

मोजायला सुरुवात झाली ती झोलिंगमध्ये. जर्मनीच्या मध्यभागातला हा जंगलाचा डोंगराळ टापू. ग्योटिंगेन विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ बर्नहार्ड उलरिश आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथे झाडांखालचं पाणी गोळा करत होते. त्यांना दिसलं, की गंधकाच्या धुरामुळे पाऊस आम्ल झालाय, मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन जातंय, ॲल्युमिनियम मोकळं होऊन मुळांना इजा करतंय. नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘डेर श्पीगेल’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बातमी आली : जंगल मरतंय. पहिली मोठी जंगलं पाच वर्षांत मरतील, असं भाकीत त्यात उलरिश यांच्या नावावर होतं. वाल्डश्टेर्बेन, म्हणजे अरण्यमृत्यू, हा शब्द घरोघर गेला. त्या वेळच्या जर्मन माणसाच्या मनात जंगलाचं काय स्थान होतं, ते यावरून कळतं. १९८३ साली हरित पक्ष संसदेत पोचला. त्याच वर्षी मोठ्या वीजकेंद्रांच्या धुरावर कडक नियम आले. पुढे मोटारींना उत्प्रेरक बसले.

परिणाम? गंधकाचा धूर पुढच्या काही दशकांत ९० टक्क्यांहून जास्त घटला. पर्यावरणाच्या इतिहासातलं हे एक मोठं यश आहे. पण या यशात नत्र मागे राहिलं. ऑक्साइडं काही प्रमाणात कमी झाली. अमोनियाला मात्र चिमणी नसते. तो गोठ्यातून, शेणाच्या टाकीतून, शेतातून निघतो. त्याला नियम लावायचा म्हणजे शेतकऱ्याशी भांडायचं. शिवाय मनात जुनी शिकवण होतीच : नत्र म्हणजे खत. १९५० ते १९७० च्या दशकांत तर जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात जंगलांना मुद्दाम नत्राची खतं घातली जात होती.

वेगळा सूर पहिल्यांदा कडेकडेने आला. नेदरलँड्समधल्या डुकरं-कोंबड्यांच्या पट्ट्यात व्हान ब्रेमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलं, की झाडांवरून ठिबकणाऱ्या पाण्यात अमोनियम सल्फेट भरपूर आहे आणि मातीत गेल्यावर ते तिला आम्ल करतं. १९८५ साली स्वीडनच्या बेंग्ट नीलगोर्ड यांनी सरळ मांडणी केली, की अरण्यमृत्यूमागे अमोनियमचा जादा पुरवठा हेही एक कारण असू शकेल. डच कवकतज्ज्ञ एफ आर्नोल्ड्स यांनी नोंदवलं, की झाडांच्या मुळांशी भागीदारीत राहणाऱ्या अळिंब्या युरोपभर कमी होत चालल्या आहेत. आणि १९८९ साली अमेरिकेत जॉन एबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नत्र-संपृक्त जंगल’ ही कल्पना मांडली. तिचा अर्थ सोपा आहे. आधी जंगल नत्र घेतं आणि जोमाने वाढतं. मग घेण्याची क्षमता संपते आणि नायट्रेट ओढ्या-नाल्यांत झिरपायला लागतं. शेवटी झाडं ढासळायला लागतात. म्हणजे ढासळण्याच्या वाटेवरचा पहिला मुक्काम भरभराटीसारखाच दिसतो.

हे नुसतं कागदावरचं नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून जंगलाच्या तुकड्यांना दरवर्षी नत्र घालून बघितलं गेलं. जास्त मात्रेच्या, म्हणजे हेक्टरी १५० किलो मिळणाऱ्या पाइनच्या तुकड्यात पंधराएक वर्षांत निम्म्याहून जास्त झाडं मेली. पानझडी तुकड्यात चित्र निराळं होतं. तिथे काळा ओक वाढत राहिला, एकूण वाढ चांगली दिसत होती. पण १९९५ चा दुष्काळ आला तेव्हा जास्त नत्र मिळालेल्या तुकड्यातले लाल मेपल मोठ्या संख्येने गेले. मात्रा नेहमीच्या प्रदूषणापेक्षा खूप जास्त होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी नत्र आणि दुष्काळ एकत्र आले की काय होतं, आणि ते सगळ्या झाडांना सारखं होत नाही, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत.

इकडे युरोपात मात्र भलतंच घडलं. उलरिश यांचं भाकीत खरं ठरलं नाही. पाच वर्षांत मोठी जंगलं मेली नाहीत. १९९६ साली फ्रायबुर्गचे हाइनरिश श्पीकर आणि सहकाऱ्यांनी युरोपभरच्या वाढीच्या नोंदी एकत्र करून ग्रंथ काढला. निष्कर्ष होता, की बहुतेक ठिकाणी झाडं पूर्वीपेक्षा जास्त वेगाने वाढताहेत! लोक म्हणाले, बघा, सगळा बागुलबुवा होता. वनविभागांनी सुटकेचा श्वास टाकला. पण आपण आत्तापर्यंतचा जमाखर्च डोळ्यांसमोर ठेवला, तर या वाढीत नवल वाटणार नाही. पातेरा ओढणं थांबलं होतं, हवेतून खत पडत होतं, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता वाढत होती. शंभर वर्षं उपाशी असलेलं जंगल जेवायला लागलं होतं. विचारायचा प्रश्न वेगळा होता : ही वाढ कसली आहे? खोडाची, पानांची, की मुळांची?

याचं उत्तर मोठ्या झाडात शोधणं अवघड. शंभर वर्षांच्या बीचची मुळं कोण उपटून बघणार? म्हणून रोपट्यांकडे यावं लागलं. रोपटं कुंडीत लावता येतं, त्याचं पाणी तोडता येतं, नत्र मोजून देता येतं, आणि शेवटी मुळासकट उपटून, वाळवून, तोलता येतं. तीस-चाळीस वर्षांत असे प्रयोग पुष्कळ झाले. त्यातून जे दिसलं ते क्रमाने बघू.

झाडाचं शहाणपण असं, की ज्याची टंचाई असेल तिकडे ते खर्च करतं. नत्र दुर्मीळ असेल तर रोपटं मुळं पसरतं. नत्र मुबलक झालं की मुळांवर खर्च कशाला? मग ते पानं आणि शेंडा वाढवतं. वर पानांचा पसारा मोठा, खाली बारीक मुळांचं जाळं तोकडं. पाऊस आहे तोवर काहीच बिघडत नाही. पाऊस थांबला की मोठ्या पानांतून पाणी जास्त उडतं आणि मुळं खोल गेलेली नसतात. तिसरी गोष्ट अळिंब्यांची. बारीक मुळांना लगडलेलं कवकाचं जाळं पाणी आणि स्फुरद आणून देतं, बदल्यात साखर घेतं. १८८५ साली बर्लिनच्या फ्रांक यांनी या भागीदारीला मायकोरायझा हे नाव दिलं. नत्र फुकट मिळायला लागलं की झाड या भागीदाराला साखर द्यायला हात आखडतं. मग दुष्काळात मदतीला कोणी नसतं.

चौथी गोष्ट खोडाच्या आतली. पानातून पाणी उडतं तसं खालचं पाणी वर ओढलं जातं. खोडातल्या बारीक नळ्यांत पाण्याच्या ताणलेल्या दोऱ्या असतात असं समजा. हा सिद्धान्त १८९४ साली डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी मांडला. ताण फार झाला की दोरी तुटते, नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. १९६६ साली जॉन मिलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे तुटणं चक्क ऐकलं. तहानलेल्या एरंडाला संवेदक लावून त्यांनी एकेक टिकटिक नोंदवली. भरभर वाढलेल्या लाकडात या नळ्या बऱ्याचदा रुंद असतात. रुंद नळी पाणी खूप वाहते, पण साधारणपणे लवकर तुटते. रोपटं पर्णरंध्रं मिटून स्वतःला वाचवू शकतं, पण मग कार्बनही आत येत नाही आणि साठवलेल्या साखरेवर दिवस काढावे लागतात.

पाचवी गोष्ट आपल्या ओळखीची, म्हणजे मावा. स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर फ्ल्यूकिगर आणि झाबिन ब्राउन यांनी १९८४ पासून जंगलाचे कायमचे निरीक्षण-तुकडे राखले आणि तरुण बीच-स्प्रूसना वेगवेगळ्या मात्रेत नत्र देऊन वर्षानुवर्षं बघितलं. पानांत नत्र वाढलं, त्या मानाने स्फुरद कमी पडलं, आणि बीचवर मावा व पानं करपवणारी बुरशी वाढली. शेतकऱ्याच्या ‘माजलंय’ या शब्दाला इतकी जवळची साक्ष दुसरी मिळणार नाही.

आणि सहावी गोष्ट रोपट्याच्या बाहेरची आहे. नत्र एकट्या रोपट्याला थोडंच मिळतं? उंच गवत आणि ब्लॅकबेरीची काटेरी जाळी त्याच्यापेक्षा झपाट्याने त्याचा फायदा उठवतात. गवताची मुळं मातीच्या वरच्या थरात दाट असतात, आणि रोपट्याची मुळंही पहिली काही वर्षं तिथेच असतात. दुष्काळात त्या वीतभर मातीतलं पाणी आधी कोण पितं, यावर रोपट्याचं भवितव्य ठरतं. कुंडीतल्या प्रयोगात हा शेजारी नसतो, म्हणून कुंडीतले आकडे उचलून थेट जंगलाला लावता येत नाहीत.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. सगळ्या प्रयोगांचं उत्तर एक नाही. नापीक मातीत थोडं नत्र मिळालं तर रोपट्याला मदतही होते. मूळ आणि शेंडा दोन्ही वाढतात. पाण्याचा ताण हलका असेल तर नत्राने फार फरक पडत नाही. ओक आणि पाइन कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतात, स्प्रूस सोसत नाही, बीच मधेच कुठेतरी. एकाच जातीतही कोरड्या प्रदेशातल्या बियांची रोपं आणि ओल्या प्रदेशातल्या बियांची रोपं वेगळी वागतात. पण नत्र मुबलक असताना शेंडा-मुळाचं प्रमाण बिघडतं, हे इतक्या ठिकाणी दिसलंय की ते नाकारता येत नाही.

आता २०१८ कडे परत येऊ. कोरडी वर्षं आधीही आली होती. १९७६ आलं, २००३ आलं. पण २०१८ ते २०२० या दुष्काळांनी जे गाठलं ते जंगल अर्धशतक नत्रावर पोसलेलं होतं. झोलिंगसारख्या ठिकाणी हेक्टरी वर्षाला ३० किलोंच्या वर नत्र पडत होतं. बीचच्या जंगलाला साधारण १० ते २० किलोंपर्यंत सोसवतं असं मानलं जायचं, आणि अलीकडे ती वरची मर्यादा आणखी खाली आणली गेली. झाडं फक्त नत्रामुळे मेली असं म्हणणं चुकीचं होईल. दुष्काळ, उष्णता, भुंगेरे, आणि चुकीच्या जागी लावलेला एकसुरी स्प्रूस ही मोठी कारणं आहेत. तो स्प्रूस लावला गेला त्यामागे एकोणिसाव्या शतकातल्या खंगलेल्या जमिनी हेही कारण होतंच. नत्राचा वाटा असा, की झाडांना ज्या वेळी मुळांची आणि अळिंब्यांची गरज होती, त्या वेळी त्यांच्याकडे पानं जास्त होती.

मग नव्या रोपट्यांचं काय करायचं? काही गोष्टी वनपालाच्या हातातल्या आहेत. रोपवाटिकेत रोपाची प्रत आणि किंमत बऱ्याच अंशी उंचीवर ठरते, त्यामुळे खत-पाणी देऊन उंच केलेलं रोप बघायला छान वाटतं. डोंगरउतारावर त्याला पाणी कोण घालणार? तिथे मुळं भरपूर असलेलं बुटकं रोप जास्त कामाचं. काही ठिकाणी आपोआप उगवलेल्या रोपांना जागा देणं बरं, कारण त्यांचं मूळ उपटून पुन्हा लावलेलं नसतं. एका जातीवर अवलंबून न राहणं, हे तर आता सगळेच सांगतात.

पण मोठा प्रश्न जंगलाच्या बाहेर, गोठ्यात आणि रस्त्यावर आहे. १९९९ च्या गॉथेनबर्ग करारात युरोपच्या देशांनी गंधकाबरोबर अमोनियाही मोजायचं कबूल केलं. तरी अमोनिया हळूहळूच कमी झाला. युरोपात त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग शेतीतून येतो. नेदरलँड्समध्ये २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नत्राची परवाना-योजना रद्द ठरवली. बांधकामं अडली, गोठ्यांचे परवाने अडले, आणि ऑक्टोबरमध्ये शेतकरी हजारो ट्रॅक्टर घेऊन हेगवर गेले. त्या शेतकऱ्यांना आडमुठे म्हणून हिणवणं सोपं आहे. पण स्वस्त मांस आणि स्वस्त दूध हवं म्हणून कर्ज काढून मोठा गोठा बांधायला त्यांना अनेक वर्षं प्रोत्साहन दिलं गेलं होतं. एकोणिसाव्या शतकात पातेरा नेणारा शेतकरी एकटा दोषी ठरवला गेला. आता अमोनिया सोडणारा शेतकरी एकटा दोषी ठरू नये. ही त्या जुन्या हिशेबातून घेण्यासारखी शिकवण आहे.

आशेला जागा आहे का? आहे, आणि ती पुन्हा झोलिंगमध्येच आहे. १९९१ पासून तिथल्या स्प्रूसच्या जंगलात शेंड्यांच्या खाली पारदर्शक छप्पर उभारलं गेलं. पावसाचं पाणी अडवून, त्यातलं प्रदूषण काढून, उद्योगांपूर्वीच्या पावसासारखं करून ते पुन्हा जमिनीवर शिंपडलं. काही वर्षांतच मातीतून झिरपणारं नायट्रेट एकदम घटलं. जुना साठा मातीत राहतो, सगळं पूर्ववत व्हायला दशकं लागतात. पण वरून येणारं थांबलं की माती प्रतिसाद देते.

म्हणून शेवटी एवढंच. रोपट्यावरच्या दोन भारांपैकी दुष्काळाचा भार एकट्या जर्मनीला किंवा एकट्या नेदरलँड्सला हटवता येणार नाही. त्याला सगळं जग लागेल आणि वेळ लागेल. नत्राचं तसं नाही. अमोनियाचा बराच भाग निघतो त्याच्या आसपासच पडतो. तो एका देशाला, कधीकधी एका जिल्ह्यालाही, दहा-वीस वर्षांत कमी करता येतो. गंधकाच्या बाबतीत हे करून दाखवलेलं आहे. आज लावलेलं बीच किंवा ओकचं रोपटं सरळ पुढच्या शतकात जाणार आहे. त्याला पुढचे दुष्काळ चुकणार नाहीत. त्या वेळी त्याच्या खाली मुळं किती असतील, हे मात्र आपल्या पिढीत ठरतंय.

इथेच थांबतो.